अझुकीचे पुरण

डाळ शिजवायची, तिच्यात साखर घालायची, ती घोटायची आणि तिचे पक्वान्न करायचे, ही कल्पना जगातल्या पुष्कळ लोकांना चमत्कारिक वाटते. एखाद्या युरोपियन पाहुण्याला पुरणपोळी वाढावी आणि आत काय आहे ते सांगावे. त्याचा घास क्षणभर तोंडातच थांबतो. जपानी माणसाला मात्र यातले काही समजावून सांगावे लागत नाही. तो म्हणतो, "म्हणजे हे तुमचे आंको!" आणि दुसरी पोळी मागून घेतो. नवल वाटते ते त्याला आपल्या उसळीचे. कडधान्याला फोडणी द्यायची, तिखट घालायचे, हे काय भलतेच!

दर आठवड्याला या पानावर आपण घरातल्या, चुलीजवळच्या गोष्टी बोलतो. दिवाळी अंकाच्या निमित्ताने आज जरा लांबच्या चुलीकडे जाऊ या. मी टोकियोत राहायला आले त्याला चार वर्षे झाली. त्यांतले शेवटचे वर्ष मी जपानी मिठाई घरी करायला शिकण्यात घालवले. ती का शिकले, हे ओघाने येईलच.

जपानी मिठाईला 'वागाशी' म्हणतात. 'वा' म्हणजे जपानी आणि 'काशी' म्हणजे मिठाई. हा शब्द फार जुना नव्हे. १८६८ नंतर, मेइजी राजवटीत, केक-बिस्किटे पाश्चात्त्य देशांतून आली, तेव्हा आपली कोणती आणि परकी कोणती हे ओळखण्यासाठी तो रूढ झाला. त्याआधी नुसते 'काशी' म्हणत आणि फार पूर्वी या काशीचा अर्थ होता फळे. आता आपला 'फराळ' शब्द आठवा. तोही 'फलाहारा'वरूनच आला ना? फळांपासून निघालेले दोन शब्द दोन देशांत फिरले. एक चकली-करंजीपाशी येऊन थांबला आणि दुसरा अझुकीच्या पुरणापाशी!

वागाशीत तूप नाही, लोणी नाही आणि दूध जवळजवळ नाहीच. तांदूळ, कडधान्य, साखर आणि समुद्रातल्या शेवाळापासून काढलेले 'कान्तेन', एवढ्यावर सगळा संसार. कान्तेन म्हणजे आपल्याकडे वाण्याकडे मिळणारे चायना ग्रास. त्यामुळे बहुतेक वागाशी शाकाहारी माणसाने निःशंकपणे खावी अशी असते. परदेशात प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून डोळे शिणलेल्या आमच्यासारख्यांना हे मोठेच सुख!

माझ्या शिक्षिका म्हणजे आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एकोणऐंशी वर्षांच्या आजीबाई. त्यांच्या यजमानांना जाऊन नऊ वर्षे झाली. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, दिवस-रात्र सारखी होतात त्या सुमारास जपानात 'हिगान' नावाचा आठवडा पाळतात. लोक पितरांच्या थडग्यांवर जातात, ती धुऊन फुले वाहतात आणि घरातल्या देव्हाऱ्यापुढे 'ओहागी' नावाची मिठाई ठेवतात. शरदातला हिगान आणि आपला पितृपक्ष बहुधा आगेमागेच येतात. आजी गेली पन्नास-पंचावन्न वर्षे ओहागी घरी करीत आल्या होत्या. गेल्या थंडीत त्या पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड सांधले, पण हातातला जोर गेला. ओसाकाला असलेली त्यांची मुलगी म्हणाली, "आई, आता दुकानातून आणत जा. किती सुंदर मिळतात!"

हे मला सांगताना आजी म्हणाल्या, "दुकानातले चांगलेच असते. पण त्यांना ते ओळखू येईल."

'त्यांना' म्हणजे कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. शरदातल्या हिगानाला अजून सहा महिने होते. मी म्हटले, "आजी, मला शिकवा."

पहिला धडा आंकोचा. अझुकी हे गर्द लाल रंगाचे, मुगापेक्षा थोडे मोठे कडधान्य. मूग, उडीद, चवळी यांच्या कुळातलेच. होक्काइदो बेटावरच्या तोकाची भागातली अझुकी विशेष नावाजलेली. पाव किलो अझुकी आजींनी पाण्यात धुतली आणि न भिजवताच थेट पातेल्यात टाकली. पाणी उकळून लाल झाले, की ते सगळे ओतून द्यायचे. त्यात दाण्याचा तुरटपणा उतरलेला असतो. मग ताजे पाणी घालून मंद आचेवर शिजवायचे. मध्येच उकळी फार जोरात आली, तर वाटीभर गार पाणी घालायचे. या पाण्याला नाव आहे 'बिक्कुरी मिझू', म्हणजे दचकवणारे पाणी! रडणाऱ्या पोराच्या तोंडावर पाण्याचा हबका मारावा, तसे उकळणारे दाणे एकदम गप्प बसतात.

तासाभराने दाणा दोन बोटांत सहज चेपला, की आच बंद करून झाकण ठेवायचे आणि दाण्यांना आतून मुरू द्यायचे. साखर त्यानंतर. आधी घातली तर दाणा पुढे शिजतच नाही, हे तुम्हां-आम्हांला कुणी सांगायला नको. डाळ शिजण्याआधी गूळ घालणारी सून आपल्याकडे अजून जन्मायची आहे! पाव किलो अझुकीला दोनशे ते अडीचशे ग्रॅम साखर आणि शेवटी चिमूटभर मीठ. पुरणाची खूण आपण कशी पाहतो? त्यात उलथने उभे राहिले पाहिजे. आंकोची खूण अशी, की लाकडी उलथन्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढली तर तळ क्षणभर दिसावा, आणि वर उचलून टाकलेला गोळा पसरू नये. थंड झाल्यावर ते आणखी घट्ट होते, म्हणून जरा सैल असतानाच उतरवायचे आणि ताटात लहान लहान ढीग करून निववायचे.

दाणे अर्धवट अख्खे ठेवले तर ते 'त्सुबुआन'. गाळून साले काढली तर 'कोशिआन'. कोशिआनचा खटाटोप मोठा. शिजलेले दाणे चाळणीवर घासायचे, पाण्याने साले वेगळी करायची, खाली बसलेला साका दोनदा धुवायचा, फडक्यात घट्ट पिळायचा आणि मग साखर घालून पुन्हा आटवायचा. मी आजींना आमच्या पुरणयंत्राचे चित्र दाखवले. दांडा फिरवला की पुरण खाली पडते, हे ऐकून त्यांनी ते चित्र चष्मा लावून दोनदा पाहिले. म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना हे कळले नाही ते बरे झाले. त्यांनी मला चाळणीवर जी शिस्त लावली, ती राहून गेली असती."

याच आंकोवर जपानात एक चांगला चित्रपट निघाला आहे. नाओमी कावासे या दिग्दर्शिकेचा, २०१५ सालचा. नावही 'आन', म्हणजे आंकोच. एका लहानशा दुकानात एक म्हातारी काम मागायला येते. तिच्या हातच्या आंकोची चव अशी, की दुकानापुढे रांग लागते. पुढे तिला पूर्वी कुष्ठरोग झाला होता हे लोकांना कळते आणि रांग नाहीशी होते. जपानात कुष्ठरोग्यांना समाजापासून अलग ठेवणारा कायदा १९९६ साली रद्द झाला. लोकांच्या मनातून तो जायला मात्र आणखी वेळ लागला. चित्रपट पाहून मला वाटले, की अन्न ज्या हातांनी केले त्या हातांपासून ते वेगळे करता येत नाही, ही गोष्ट किती गोड आणि किती क्रूरही असू शकते.

आता ओहागी. 'मोचीगोमे' नावाचा चिकट तांदूळ दोन भाग आणि साधा तांदूळ एक भाग एकत्र शिजवायचा. गरम असतानाच ओल्या बत्त्याने कुटायचा. पण पुरता नाही, दाणा अर्धा दिसला पाहिजे. या अर्धवट कुटण्याला जपानीत 'हानगोरोशी' म्हणतात. शब्दशः अर्थ, अर्धे ठार मारणे! यावर त्यांच्याकडे एक गोष्ट सांगतात. एक वाटसरू रात्री एका म्हाताऱ्या जोडप्याकडे उतरला. पलीकडच्या खोलीत म्हातारी विचारीत होती, "पाहुण्याचे उद्या काय करू या? अर्धे मारू या की पुरते?" वाटसरूने पहाटेची वाट पाहिली नाही. बिचाऱ्याचे पक्वान्न मात्र हुकले!

कुटलेल्या भाताचे लहान लिंबाएवढे गोळे करायचे, तळहातावर आंकोची पारी थापायची आणि गोळा तिच्यात गुंडाळायचा. म्हणजे आपल्या मोदकात सारण आत, तर इथे भात आत आणि पुरण बाहेर. मोदक वळणाऱ्या हाताला हे एका दिवसात जमते. डाव्या तळव्यावर गोळा फिरवत उजव्या हाताच्या बोटांनी कड वर सरकवीत नेणे, ही युक्ती दोन्हींकडे सारखीच. वसंतात करतात ती 'बोतामोची', कारण तेव्हा बोतान फुलते; शरदातली 'ओहागी', कारण तेव्हा हागीची बारीक जांभळट फुले येतात. पदार्थ एकच, पण ऋतू बदलला की नाव बदलते.

ऋतूचे हे वेड पाहायचे तर 'नेरिकिरी' पाहावी. चहाच्या समारंभात कडू हिरव्या चहाच्या आधी ही खातात. पांढऱ्या घेवड्याचे गाळीव पुरण, त्यात चिकट तांदळाच्या पिठाची मऊ 'ग्यूही' मळून केलेला गोळा. त्याला हलका रंग देऊन, लाकडी पट्टीने रेघा ओढून त्याचे फूल, पान नाहीतर फळ करतात. आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहात याचे वर्ग भरतात; मी चार रविवार गेले. शरदातल्या एका नेरिकिरीचे नाव 'किसेवाता'. गुलाबी शेवंती आणि तिच्यावर पांढऱ्या पुरणाचा कापसासारखा पुंजका. जुन्या काळी नवव्या महिन्याच्या नवमीच्या आदल्या रात्री राजवाड्यातल्या स्त्रिया शेवंतीवर कापूस पसरून ठेवीत आणि सकाळी दवाने भिजलेल्या त्या कापसाने अंग पुसत, म्हणजे म्हातारपण लांबते. दोन घासांच्या मिठाईत एवढा इतिहास! अशा नाव असलेल्या मिठाया करण्याची कला २०२२ साली जपान सरकारने आपल्या सांस्कृतिक ठेव्यांत नोंदवून घेतली.

एक मिठाई मात्र पाहताक्षणी मी ओरडलेच, "अहो, हा तर आमचा हलवा!" संक्रांतीचा काटेरी हलवा हो! तिचे नाव 'कोम्पेइतो'. हा शब्द पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आला. लुईस फ्रॉइश नावाच्या पाद्र्याने १५६९ साली क्योतो शहरात ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला या साखरगोळ्यांनी भरलेली काचेची बाटली भेट दिली. हा फ्रॉइश जपानला जाण्याआधी कितीतरी वर्षे आपल्या गोव्यात होता. १५४८ साली तो तिथे आला आणि पाद्रीही तिथेच झाला. पुढे जपानी लोकांना प्रश्न पडला, की ही काटेरी साखर करतात तरी कशी? इहारा साइकाकू या लेखकाने १६८८ सालच्या आपल्या पुस्तकात नागासाकीच्या एका गरीब माणसाची हकीकत दिली आहे. त्याने पुष्कळ खटपट करून शोधून काढले, की गोळीच्या पोटात तिळाचा दाणा असतो. तीळ, मंद आच, पातळ पाक आणि फिरवणारा हात! आपल्याकडे परातीत बोटे भाजून घेणाऱ्या आज्या-पणज्यांनी त्याला हे एका सकाळीत सांगितले असते. आता तिथे हे काम तिरप्या ठेवलेल्या, फिरणाऱ्या मोठ्या कढयांत करतात आणि एका घाण्याला दोन आठवडे लागतात.

दिवाळीत करून पाहावी अशी सोपी वस्तू म्हणजे 'योकान'. ही आंकोची वडी. अझुकी मिळाली नाही तर लाल चवळी घ्या. मनाला खात नको. टोकियोकडे लाल भात करताना चवळीच वापरतात. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. अझुकीचे साल शिजताना मध्येच फुटते आणि हे पोट फाटणे सामुराई लोकांना अशुभ वाटे, कारण पोट फाडून मरणे त्यांच्याच नशिबी असायचे. चवळी शाबूत राहते, म्हणून तिला मान. चवळी मात्र रात्रभर भिजवून घ्या. मग वर सांगितल्याप्रमाणे पहिले पाणी टाकून, शिजवून, पुरणयंत्रातून काढून, साखर घालून आटवा. असे पाचशे ग्रॅम पुरण तयार ठेवा. चार ग्रॅम चायना ग्रासची पूड तीनशे मिलिलिटर पाण्यात घालून ढवळत उकळा आणि उकळी आल्यावर दोन मिनिटे तशीच राहू द्या. ती पुरती विरघळल्यावरच पन्नास ग्रॅम साखर, मग पुरण आणि चिमूटभर मीठ घाला. दोन-तीन मिनिटे शिजवून उतरवा आणि जरा निवेपर्यंत ढवळत राहा, नाहीतर पुरण तळाशी बसते. मग ओल्या केलेल्या डब्यात ओता. हे घरातल्या साध्या हवेतच थिजते आणि मुंबईच्या उकाड्यातही वितळत नाही. सुरीने वड्या पाडा. साखर मात्र फार कमी करू नका, नाहीतर वडी टिकणार नाही. आणि एवढी साखर नको असेल तर वडी लहान पाडा. जपानी माणूस तेच करतो.

सप्टेंबरची तेवीस तारीख आली. सकाळी सहालाच मी आजींकडे गेले. अझुकी मी शिजवली, भात मी कुटला. आजी खुर्चीवर बसून नुसते ऐकत होत्या. पातेल्याकडे पाठ असूनही मध्येच म्हणत, "आता पाणी घाला" किंवा "आता थांबा". एकदा मी वजनकाटा पुढे ओढला, तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला आणि गोळा त्यावर ठेवायला सांगितले. "थोडा काढा." काढलेला गोळा काट्यावर ठेवला, बरोबर चाळीस ग्रॅम. बारा ओहागी झाल्या. जपानी रीतीने ही गोष्ट त्याच दिवशी खाऊन संपवायची असते. थंड कपाटात ठेवली तर भात कडक होतो.

आजींनी दोन ओहागी बशीत घेऊन देव्हाऱ्यापुढे ठेवल्या, उदबत्ती लावली, लहानशी घंटा वाजवली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुमच्या वडिलांना गोड आवडायचे का?"

माझे वडील जाऊन तीन वर्षे झाली. त्यांच्या तिथीला मी इथे असते आणि खीर-वडे तिकडे वहिनी करते. मी म्हटले, "फार. पुरण तर वाटीने खायचे."

आजी उठल्या. कपाटातून त्यांनी आणखी एक बशी काढली, तिच्यात एक ओहागी ठेवली आणि ती पहिल्या बशीशेजारी सरकवली. घंटा पुन्हा वाजवली. माझ्या वडिलांचे नाव त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी ते विचारलेही नाही.

मग आम्ही दोघी चहा घेऊन बसलो. आजींनी ओहागी खाल्ली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "ही माझ्या सासूबाईंच्या हातची नाही. माझ्याही हातची नाही. तुमच्या हातची आहे." आणि देव्हाऱ्याकडे पाहून, "पण त्यांना चालेल."

भगिनींनो, चिरोटे, अनारसे, साटोऱ्या आज सगळे दुकानात मिळते आणि पुष्कळ ठिकाणी ते उत्तम असते. नोकरी सांभाळून ज्यांनी ते आणले त्यांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. पण घरात जी कोणी अजून अनारशाचे पीठ हाताला लावून "आज नाही, उद्या तळू" असे सांगते, ती हे कशावरून म्हणते ते या दिवाळीत तिच्या शेजारी उभे राहून विचारून घ्या. मुलग्यांनाही उभे करा. ती बहुधा म्हणेल, "त्यात काय सांगायचे, हाताला कळते." तेव्हा आपला हात पुढे करा आणि त्यावर गोळा ठेवायला सांगा.